चार चिनी शहाणे आणि मी

४ ऑक्टोबर १९८२

कन्फ्यूशियस संपला! म्हणजे सरांच्या पुस्तकातलं त्याचं प्रकरण संपलं. तो स्वतः अडीच हजार वर्षांपूर्वीच गेला, पण नेरुरकर सर त्याला सोडायला तयार नाहीत. सर रिटायर्ड प्राध्यापक, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते, त्यांच्या शिवाजी पार्कच्या घराच्या हवेशीर गॅलरीत बसून. प्राचीन चीनमधल्या विचारांची तुलना! वाचणार कोण, हे विचारायचं नाही.

राजाने राजासारखं वागावं, बापाने बापासारखं, मुलाने मुलासारखं. वा! इकडे परळला आमचा बाप विणकर, आणि गिरणीच्या संपामुळे त्याचा साचा, म्हणजे माग, नऊ महिने बंद. विणकराने विणकरासारखं कसं वागावं, हे म्हातारा सांगायला विसरला.

७ ऑक्टोबर

आईला कन्फ्यूशियस समजावला. तिने एकच विचारलं, "त्येच्या घरात पाणी कोण भरी होता?"

१५ ऑक्टोबर

आज लाओत्से. काही करू नका, सगळं आपोआप होतं. पाण्यासारखे व्हा. सर डोळे मिटून सांगत होते, तेवढ्यात कामाच्या बाईने चहा आणून ठेवला. आपोआप!

मी म्हटलं, "सर, गिरणी कामगार जानेवारीपासून काहीच करत नाहीत. काय झालं आपोआप?"

सर दचकले. "ते वेगळं. ते हट्टाने न करणं."

बाबांना सांगितलं तर भलतेच खूश! ते रोज सकाळी गेटसमोर उभे असतात — आत जाणाऱ्याला हात जोडून परत फिरवायला. म्हणाले, "मास्तराक सांग, हट्ट तेवढो उरलोसा आमच्याकडे."

२ नोव्हेंबर

मोत्से आवडला. सगळ्यांवर सारखं प्रेम करा म्हणणारा, हाताने सुतारकाम करणारा. एका राज्यावर हल्ला होणार कळल्यावर दहा दिवस, दहा रात्री चालत गेला, शत्रूच्या राजाशी वाद घालून लढाई थांबवली. परतताना पाऊस लागला. ज्या राज्याला वाचवलं, त्याच्याच वेशीत आडोसा मागितला — पहारेकऱ्याने आत घेतलं नाही!

सर म्हणाले, "हा जरा रुक्षच. दोन पानांत आटपू."

कन्फ्यूशियसला साठ पानं. चालून चालून ज्याचे पाय सुजले, त्याला दोन!

१८ नोव्हेंबर

कायदेवादी. त्यांचा मुख्य हान फेई. राज्य चालवायला दोन मुठी पुरेत, एक बक्षिसाची, एक शिक्षेची. माणूस भला की बुरा, ही भानगडच नाही.

"रानटी!" सर म्हणाले. त्यांना खरीच किळस आली. आत त्यांचा मुलगा मोहनराव जेवत होता. तो बाबांच्याच गिरणीत लेबर ऑफिसर आहे. मला हसू आवरेना. सर गॅलरीत कायदेवाद्यांना झोडपतायत, आणि कायदेवादी आत आमटी भुरकतोय!

२५ नोव्हेंबर

आज मोहनरावांनी मलाच काम दिलं. "आमचा मराठी लिहिणारा संपात. ही एक स्टेन्सिल हाताने लिहून दे, तिच्यावरूनच सगळ्या प्रती काढायच्यात. कामगारांच्या घरी पाठवायचं पत्र आहे."

वाचलं. आठ दिवसांत हजर व्हा, नाहीतर तुम्ही नोकरी सोडली असं समजू.

"माझे वडील तुमच्याच विणकाम खात्यात आहेत," मी म्हटलं.

"माहीत आहे. म्हणून तर! त्यांचं मी बघतो, कामावर परत घ्यायच्या पहिल्या यादीत घेतो. तू नाही म्हणालीस तर मात्र माझा नाइलाज."

ही एक मूठ. ही दुसरी. हान फेई मला तोंडपाठ होता!

सरांकडे पाहिलं. सर मैदानाकडे तोंड करून म्हणाले, "त्याच्या कामात मी पडत नाही."

लाओत्से! सोयीचा असेल तेव्हा हजर.

मनातल्या मनात सगळ्यांची अशी टर उडवत बसले, आणि बसल्या बसल्या अख्खं पत्र लिहून दिलं. एक काना चुकला नाही.

घरी बोलले नाही.

३ डिसेंबर

पत्र परवा आलं. चाळीत सगळ्यांनी फाडलं. बाबांनी घडी करून खिशात ठेवलं. आज सकाळी गेटसमोर न थांबता ते आत गेले, पोलिसांच्या मधून, सगळ्यांच्या देखत. निघताना मला एवढंच म्हणाले, "अक्षर वळाखलंय मी. तू शिकलेला चेडू. तू लिवलंस म्हणजे बरोबरच असतला."