राखून ठेवलेलं औषध

प्रिय ताई,

हे पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडणार, हे मला इथे लॅबमध्ये बसून दिसतंय. सख्खी बहीण खालच्या मजल्यावर काम करते आणि पत्र कसलं पाठवते? पण तुझ्या त्या वेगळ्या खोलीत यायचं म्हणजे गाऊन, मास्क, हातमोजे. एवढा सरंजाम चढवून मी तोंड उघडलं, की गाऊनची गाठ चुकली म्हणून तू मला बाहेर काढतेस. अंगात ताप, गुडघा लालबुंद, तरी तुझ्यातली हेडसिस्टर काही निवृत्त व्हायचं नाव घेत नाही.

तुझ्या वॉर्डातल्या पोरी रडतायत, हे तुला कुणी सांगितलं नसेल. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळं हॉस्पिटल तुला भेटायला लोटलं होतं. ड्यूटी संपवून, पर्स खांद्याला लावून, थेट आपापल्या वॉर्डातून. एकीने उशी सारखी केली, दुसरीने ड्रेसिंग नीट बसलंय का ते चाचपलं, तिसरीने त्याची सुटलेली कड पुन्हा दाबून बसवली. हात धुवायचं एकीच्याही ध्यानात आलं नाही, कारण त्या वेळी त्या सिस्टर नव्हत्या, तुझ्या लेकी होत्या. आणि भल्याभल्या सर्जनना बेसिनकडे परत पिटाळणारी तू, खुशाल पाय पुढे करून लाड करून घेत होतीस. मी शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होते. तुझ्या जखमेत शिरलेला जंतू नेमका कुणाच्या हातून आला, की आणखी कुठून आला, हे माझी कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. तू कुणावर राग धरणार नाहीस असं मी त्यांना परस्पर सांगून टाकलंय, तेवढं सांभाळून घे.

तुझ्या जखमेतला नमुना मीच तपासला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही जंतू वाढवायच्या प्लेटवर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतो. जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ रिंगण पडतं. सकाळी प्लेट उचलली, तर जंतू टिकल्यांना अगदी खेटून वाढलेले, बापाचं घर असल्यासारखे. हॉस्पिटलात मुरलेला जंतू तो, आमची औषधं कोळून प्यायलेला. रक्तात उतरला तर पाय राहू दे, तूच हातची जाशील, हे तुला मी काय सांगायचं. मग कडेच्या एका टिकलीभोवती रिंगण दिसलं, लहानसं, पण स्वच्छ. ते जुनं औषध, मूत्रपिंडाला जड, म्हणून अगदी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं. मी जिन्यावरून पळत तुझ्या डॉक्टरबाईंकडे गेले. लोक बघत होते, बघू देत.

त्या तुला विचारून आल्या आणि त्यांनी सांगितलं, तू नको म्हणालीस. वापरून वापरून तेही बोथट होईल, कुणा तरुण पोरासाठी राखा, माझं काय आता, असं म्हणालीस. ताई, हा काही ताटातला शेवटचा घास नव्हे, तू सोडलास की दुसऱ्याच्या पोटात जाईल. औषधं बोथट होतात ती सर्दीपडशाला उधळून, हे तूच सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत आलीस. ज्याला दुसरं काहीच चालत नाही त्याच्यासाठी ते राखलंय, आणि आज ती तू आहेस. मूत्रपिंडाकडे डॉक्टरबाई रोज लक्ष ठेवणार आहेत. आई गेल्यावर तू सगळं माझ्या पानात वाढायचीस आणि भूक नाही म्हणायचीस. मी लहान होते, मला ते खरं वाटायचं. आता वाटत नाही. तोंडावर बोलू देत नाहीस म्हणून लिहिते आहे, मला तू हवी आहेस, लंगडत का होईना. डॉक्टरबाई दुपारी पुन्हा विचारायला येतील. हो म्हण.

तुझंच शेपूट,
धाकटी