बास्केटखालची रांग

गोंदिया,
१२ सप्टेंबर २०२५

चि. ओमेश यास ताईचे आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघी कुशल आहोत. तुम्ही सगळे कुशल असाल असं मी धरून चालते, कारण तू स्वतःहून कळवशील तर तो सुदिन. फोनवर आपण दोघंही एकाच वेळी बोलतो आणि कुणीच ऐकत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे पत्र.

तुझी लेक मजेत आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यापासून खुशी जेवते कमी आणि धावते जास्त. बास्केटबॉलच्या संघात तिची जागा पक्की झाली. सकाळी सहाला माझ्या अंगणात चेंडू आपटते. शेजारीण तक्रार करायला आली होती. तिला मी तिच्या टीव्हीच्या आवाजाची आठवण करून दिली.

आता रागाचं. कॉलेजवाले आपला जुना हॉल पाडून गावाबाहेर नवीन बांधणार आहेत म्हणे. कारण काय, तर जुना अरुंद आहे. अरुंद तो होताच. मुळात ते धानाचं गोदाम. रेघेच्या बाहेर पाय ठेवायला जागा नाही, पत्र्याखाली अंगाची भाजी होते, कोंड्याचा वास अजून भिंतीतून येतो. पण सामना तिथेच पाहावा. मुलींना बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून आम्हाला पश्चिमेच्या बास्केटखाली भिंतीला टेकून बसवत. पोरं चेंडू टाकायला धावत येत, त्यांना थांबता येत नसे, आणि सरळ आमच्या अंगावर. आम्ही दहा जणी हात पुढे करून त्यांना झेलायचो आणि परत मैदानात ढकलायचो. एका प्राध्यापकांनी हे मुलींना शोभत नाही म्हणून सुनावलं, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं की मुलगा भिंतीवर आपटलेला शोभेल का. समोरच्या बास्केटखाली बकारामची टोळी. तोच, जो पुढे रेल्वेत गार्ड झाला. तेलाचा पिपा बडवायचा आणि पाहुण्या संघाच्या कप्तानाला जावईबापू म्हणायचा.

म्हणून मी आणि बकारामने अर्ज केला आहे. एकशे बेचाळीस सह्या मिळवल्या. अर्ज अर्थातच मी लिहिला. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की वीस वर्षं मी या हॉलमधला एकही सामना, एकही सराव चुकवला नाही, आणि त्या वीस वर्षांत एकाही खेळाडूला तिथे इजा झालेली मी पाहिली नाही. प्राचार्यांनी पाडकाम थांबवलं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये बत्तीस वर्षं साहेबांशी भांडले, ते वाया गेलं नाही.

लोभ आहे तेवढा पुरे. पत्राचं उत्तर मात्र वाढव.

तुझी,
ताई

•

अर्जुनी मोरगाव,
२१ सप्टेंबर २०२५

ती. ताईस ओमेशचा वाकून नमस्कार. वि. वि. तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं, दोनदा मी आणि एकदा तुझी भावजय शामकला. ती म्हणाली की ताईंचं पत्र वाचलं की आपणच काहीतरी गुन्हा केला असं वाटून राहते.

हॉल मला चांगला आठवतो. मी नऊ-दहा वर्षांचा होतो, सुटीत तुझ्याकडे आलो होतो. तू मला मुलींच्या रांगेत बसवलंस आणि मला एवढी लाज वाटली की मी पूर्ण सामना मान खाली घालून बसलो. एक लांबट पोरगा तुमच्या हातांवर येऊन पडला आणि तुझ्या मैत्रिणीच्या बांगड्या फुटल्या, एवढंच पाहिलं.

इथे हलकं धान लोंबीवर आलं आहे. माझी तब्येत बरी. शामकलाची एक काळजी आहे, तिनेच लिहायला लावलं. खुशी फोनवर म्हणाली की कोपर भिंतीला घासलं. आईने विचारलं की खेळ मैदानात आहे तर भिंत कुठून आली, तर पोरगी हसून टाळून गेली. तू लक्ष ठेवून आहेसच. तुझ्या भरवशावरच तिला तिकडे ठेवली, नाहीतर तिची आई सोडणारी नव्हती.

तुझा राग आमच्यावर कमी आणि कॉलेजवर जास्त राहो.

तुझा,
ओमेश

•

गोंदिया,
९ ऑक्टोबर २०२५

चि. ओमेश यास आशीर्वाद. शामकलालाही, ती घेणार असेल तर.

तू दवाखान्यात माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. खुशीला गाडीत बसवलंस, तिची पिशवी उचललीस आणि गेलास. शामकला जाता जाता म्हणाली की आता पोरगी परत येणार नाही, जे काही शिकायचं ते इथेच शिकेल. दोघांपैकी कुणालाही मी दोष देत नाही. पण त्या संध्याकाळी काय झालं ते तुम्हाला पूर्ण माहीत नाही, म्हणून लिहिते.

शुक्रवारी सराव होता. मी हॉलमध्ये नव्हते. मी बकारामच्या ओसरीत बसून हॉल कायमचा वाचवण्याच्या दुसऱ्या अर्जावर सह्या गोळा करत होते. पश्चिमेच्या बास्केटकडे खुशी जोरात धावत गेली, चेंडू टाकला, आणि तशीच भिंतीवर. आधी मनगट, मग डोकं. मला फोन आला तेव्हा माझ्या हातात पेन होतं. ऑटोत तिने एकदा ओकारी केली. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. तो येईपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासात मी कुणाशीही भांडले नाही, यावरून काय ते समज. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की डोक्यात काही नाही, सगळं साफ आहे, मनगटाला तेवढं महिनाभर प्लास्टर.  मी तिथल्या बाकावर बसले आणि खुशीची पिशवी मांडीवर घेतली. तुम्ही दोघं पोचलात ते त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये गेले. कुणी नव्हतं. छत्रीने मोजलं. रेघेपासून भिंत एक छत्री. तेवढीच, जेवढी आमच्या वेळी होती. मी अर्जात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. त्या वीस वर्षांत कुणी जखमी झालं नाही. कारण भिंत आणि खेळाडू यांच्यामध्ये आम्ही बसलेल्या असायचो. सामन्याला असायचो, सरावालाही असायचो, त्या काळी संध्याकाळी दुसरं करायला काय होतं. आता सरावाला बारा मुली आणि एक सर. बास्केटखाली कुणी नाही. मी हॉलला चांगल्या चालीचा दाखला दिला आणि त्याची ती योग्यता नव्हती. माझ्या एका वाक्यावर प्राचार्य थांबले, आणि तुझी मुलगी त्या भिंतीवर गेली.

कॉन्व्हेंटमध्ये असताना एकदा मी शाळेची खिडकी फोडली होती. सिस्टरने कबुली द्यायला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. तेव्हा मी वाद घातला होता. आज घालत नाही.

खुशीला ठेवून घेणं किंवा न घेणं तुमच्या दोघांच्या हातात आहे. मी मागणार नाही.

तुमच्या लोभाला मी पात्र आहे की नाही ते कळवलं नाही तरी चालेल, मनगट कसं आहे ते मात्र कळव.

तुझी,
ताई

•

अर्जुनी मोरगाव,
२८ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस नमस्कार. वि. वि. मनगट चांगलं आहे. इथल्या डॉक्टरनेही पाहिलं. बोटं हलवते, भात कालवते डाव्या हाताने. दिवाळीत भाचे आले होते, त्यांना प्लास्टरवर सह्या करायला लावल्या. तुझ्या सह्यांचं वेड तिला लागलेलं दिसते.

तुझं पत्र मी शामकलाला वाचून दाखवलं. ती सूप घेऊन धान पाखडत होती, हात थांबवला नाही. संपल्यावर म्हणाली की ताईंनी चूक कबूल केली हे चांगलं झालं, पण मले कागद पाहिजे. अर्ज मागे घेतल्याचा, कॉलेजच्या शिक्क्यासकट. मी म्हटलं, अगं ती माझी बहीण आहे. तर मलाच विचारते की म्हणून काऊन कागद नको.

खुशी आमच्याशी बोलत नाही. खोलीत बसून एका हाताने चेंडू भिंतीवर मारत राहते. आता मलाच भिंतीची भीती वाटून राहिली.

तू रुसू नकोस. दवाखान्यात मी बोललो नाही कारण बोललो असतो तर रडलो असतो, आणि तिथे कैलाश कंपाउंडर होता, माझ्या वर्गातला.

माया आहे तशीच आहे, फक्त सध्या शामकलाच्या परवानगीने.

तुझा,
ओमेश

•

गोंदिया,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. ओमेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि. शिक्क्याचा कागद शामकलाला मिळाला हे ती स्वतः आल्यावर कळलं, तुझ्याकडून नाही. तुला धान कापायचं आहे हे मान्य, पण धान कापताना माणूस एक ओळ लिहू शकतो.

कागद कसा मिळाला ते ऐक. कॉलेजात सगळ्या जुन्या शौकिनांची सभा बोलावली होती. मी उभी राहिले आणि एकशे बेचाळीस जणांसमोर सांगितलं की माझा अर्ज चुकीचा होता, मी तो मागे घेते आणि ज्यांनी माझ्या शब्दावर सही केली त्यांनीही घ्यावी. बकाराम उठून म्हणाला की दुर्गादीदी, आप तो गद्दार निकली. मी त्याला सांगितलं की त्याने हवं तर पिपा घेऊन रोज सरावाला बास्केटखाली बसावं, सकाळ-संध्याकाळ, अठ्ठावन्न किलोची मुलगी अंगावर घ्यायची तयारी ठेवून. त्याने गुडघ्याला हात लावला आणि खाली बसला. मग त्यानेच सगळ्यात आधी नाव खोडलं. बाहेर पडताना मला चहा पाजला आणि म्हणाला की खरं सांगू का दीदी, त्या हॉलमध्ये माझा दम नेहमीच कोंडायचा.

गेल्या सोमवारी पत्रे उतरवले. मी पाहायला गेले होते. वाईट वाटेल म्हणून दोन रुमाल नेले होते, एकही लागला नाही. भिंत पडली तेव्हा माझ्या छातीवरून कुणीतरी पोतं उचलल्यासारखं झालं. नवा हॉल होईपर्यंत मुली मोकळ्या मैदानावर खेळतात. चारी बाजूंनी नुसतं गवत. चेंडू गेला की दहा मिनिटं शोधावा लागतो, आणि ते मला अतिशय आवडतं.

काल दुपारी शामकला खुशीला घेऊन आली. स्टेशनवरून थेट मैदानावर. पदर खोचून तिने चारी बाजू पायाने मोजल्या, सरांना दोन प्रश्न विचारले, खुशीचं मनगट स्वतः वळवून पाहिलं. माझ्याशी बोलली नाही. मीही, तुला आश्चर्य वाटेल, गप्प राहिले. घरी आल्यावर तिने चहा घेतला आणि साडेचारच्या गाडीला निघते म्हणाली. मला वाटलं, दोघी निघाल्या. मी खुशीसाठी डबा भरायला लागले.

तर शामकलाने दारातलं मोठं गाठोडं आत आणलं आणि पलंगावर सोडलं. रजई होती. नवीन कापूस भरलेली, जड, कॉलेजचे उरलेले दोन्ही हिवाळे आरामात निघतील अशी. म्हणाली की तुमच्या घरात थंडी फार असते ताई, पोरीला आजारी पाडू नका. आणि एकटीच स्टेशनवर गेली.

खुशी त्या रजईत झोपली आहे. मी आत्ता दोनदा पाहून आले.

तुम्हा दोघांवर माझा लोभ किती आहे ते तोंडाने सांगायची मला सवय नाही, तेव्हा शामकलाला एवढंच सांग की रजई फार छान शिवली आहे.

तुझी,
ताई