माऊसला हात न लावता

सोमवार, ६ जानेवारी

साहेबांनी मीटिंग घेतली. साहेब म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध स्वतःचा पासवर्ड विसरण्यापुरता.

बिलिंगसाठी नवा सर्व्हर आलाय. डिस्क मात्र त्याच, कपाटात आहेत तेवढ्याच. म्हणजे एक्सरे-एमआरआयची चित्रं सांभाळणारा जुना सर्व्हर आणि हा नवा, दोघांत डिस्क वाटून द्यायच्या. एकाने दुसऱ्याच्या डिस्ककडे बघायचं नाही. ही वाटणी एक्सपांडर नावाचा डबा करतो. सर्व्हरकडून आलेली केबल तो बऱ्याच डिस्कपर्यंत पोचवतो. त्याच्या कुठल्या पोर्टला, म्हणजे केबल खोचायच्या जागेला, काय दिसायला हवं, तेवढं त्याला सांगावं लागतं.

आमच्या सहकारी बाई लगेच म्हणाल्या, कंपनीने स्क्रीन दिलीय, त्यावर टिक केलं की होतं. मी त्यांना मनात माऊसबाई म्हणतो. टिक म्हणे. शाळेत जोड्या लावतात तसं.

मी म्हटलं, हे काम कमांड लाइनवर, कमांड टाइप करून होईल आणि मी करेन. साहेब म्हणाले, करा, पण काही बंद पडता कामा नये. भित्रा माणूस.

संकल्प: गुरुवारपर्यंत काम फत्ते. माऊसला हात न लावता.

मंगळवार, ७ जानेवारी

मॅन्युअल उघडलं. सुरुवातीची पानं नवशिक्यांसाठी, ती सोडली. मधली कंटाळवाणी होती. शेवटी कमांड दिल्यात, त्या वाचल्या.

जेवताना बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे घरातल्या खोल्यांच्या किल्ल्या वाटायच्या. म्हटलं, इतकं सोपं नाही ते. ती म्हणाली, मग अवघड काय आहे ते सांग. मी विषय बदलला. पाया नसलेल्या माणसाशी काय बोलायचं.

बाबांची पाठ पुन्हा धरलीय. गुरुवारी त्यांचा एमआरआय, आमच्याच हॉस्पिटलात. डॉक्टर नवी चित्रं मागच्या वर्षीच्या चित्रांशेजारी ठेवून बघणार आणि ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवणार. बाबांना झोप लागत नाहीये. मी म्हटलं, तुमची जुनी चित्रं माझ्याच डिस्कवर आहेत, निर्धास्त राहा. बाबा म्हणाले, मग प्रश्नच मिटला.

घरात निदान एकाला तरी माझी किंमत आहे.

बुधवार, ८ जानेवारी

तयारी पूर्ण. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं. येणारे-जाणारे थबकतात. अकाउंट्सचा एक जण बराच वेळ मागे उभा होता. आदराने बघतोय असं वाटलं. एसीचा रिमोट शोधत होता.

एक्सपांडरला पासवर्ड घातला. आता माझ्याशिवाय कोणी सेटिंग बदलू शकणार नाही. मुद्दाम अवघड ठेवलाय.

माऊसबाई येऊन विचारून गेल्या की आधी तात्पुरतं करून बघणार ना. तात्पुरतं केलं की डबा बंद करून चालू केल्यावर जुनी सेटिंग परत येते, म्हणून. शिवाय त्यांनी सध्याच्या सेटिंगची कॉपी स्क्रीनवरून काढून ठेवली आहे, त्याला बटण आहे, असं उत्साहाने सांगितलं. ज्यांचा स्वतःवर विश्वास नाही त्यांनी तात्पुरतं करावं. मी कमांडमध्येच 'कायम' घातलंय.

उद्या भल्या पहाटे, पेशंट यायच्या आत उरकणार.

गुरुवार, ९ जानेवारी, सकाळ

पहाटेचं जमलं नाही. रात्री नीट झोप झाली नव्हती आणि थकलेल्या माणसाने असली कामं करू नयेत. साडेदहाला कमांड दिली. एरर नाही, खिडकी नाही, 'नक्की करायचं का' असले बावळट प्रश्न नाहीत. शांतता. सगळं सौंदर्य यातच आहे.

एमआरआयमधून फोन. चित्रं दिसत नाहीत. म्हटलं, तुमचं नेटवर्क बघा.

पुन्हा फोन. त्यांना म्हटलं, मशीन बंद करून चालू करा. सगळं यांना हातात द्यावं लागतं.

तिसरा फोन साहेबांचा.

गुरुवार, दुपार

मुद्दा छोटा आहे. डबा पोर्ट मोजताना शून्यापासून मोजतो. मी एकपासून मोजले. जगातली सगळी माणसं एकपासून मोजतात, त्यामुळे चूक कोणाची हे उघड आहे. वाटणी एका पोर्टने सरकली. जुन्या सर्व्हरला एकही डिस्क दिसत नाही. चित्रांच्या सगळ्या डिस्क आता बिलिंगला दिसतायत.

डबा बंद करून चालू केला. सेटिंग कायम. कमांड किती चोख दिली होती याचा हा पुरावाच, पण ऐकायला कोणी तयार नाही.

दुरुस्त करायला पासवर्ड लागतो. घेत नाहीये. माझा पासवर्ड इतका भक्कम आहे की मलाही...

साहेब आले. खुर्ची ओढून माझ्या मागे बसले. असल्या वातावरणात कोणाला काय आठवणार?

एमआरआय थांबवलाय. काढलेलं ठेवायला जागा नाही. खाली माणसं खोळंबलीत. एक बाई तपासणीसाठी सकाळपासून उपाशी आहे म्हणे. बाबाही तिथेच असतील. त्यांचा फोन आला होता, मी घेतला नाही. कामात होतो.

गुरुवार, संध्याकाळ

माऊसबाईंनी कंपनीला फोन लावला. कंपनीच्या माणसाने सांगितलं, डब्याच्या मागे बारीक भोक आहे, त्यात पिन घालून दाबून धरा. बाईंनी केसातली पिन काढली. पासवर्ड गेला. मग त्यांनी ती कालची कॉपी परत चढवली. टिक, टिक, टिक. चित्रं दिसायला लागली. एकही गेलेलं नाही.

पिन. माझ्या पासवर्डवर केसातली पिन. असल्या यंत्रावर माणसाने कष्ट का घ्यावेत?

जाताना बाई म्हणाल्या, "खाली एक आजोबा दिवसभर उभेच होते, पाठीमुळे बसवत नसेल. लोक चिडले की समजूत काढत होते. म्हणत होते, माझा मुलगा आत आहे, त्याच्या हातात आहे सगळं, जरा धीर धरा. तुमचे वडील का?"

मी म्हटलं, बघावं लागेल.

शुक्रवार, १० जानेवारी

बाबांचा एमआरआय काल सगळ्यात शेवटी झाला. डॉक्टर निघून गेले होते. चित्रं आज बघितली. ऑपरेशन तूर्त नको, व्यायाम करा.

घरी सगळे खूश. मीही सांगितलं की काल कंपनीच्या सदोष डब्यामुळे मोठं संकट आलं होतं आणि मी शेवटपर्यंत जागचा हललो नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाबांनी विचारलं, मग नीट कोणी केलं? मी म्हटलं, टीमने.

बाबा म्हणाले, अच्छा. मग चहा घेतला.

साहेबांचा मेल: पुढील सूचनेपर्यंत मी तळमजल्यावर, रिपोर्ट प्रिंट करण्याच्या काउंटरवर. चला, पेशंटशी थेट संपर्क असलेली जबाबदारीची जागा आहे. माझ्यातला हा गुण साहेबांना उशिरा का होईना दिसला.

सोमवार, १३ जानेवारी

काउंटर. नंबर घ्यायचा, रिपोर्ट काढायचा, द्यायचा. प्रिंटरलाही कमांड देता येतात, इथे कोणालाच माहीत नाही. पिनची गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत आहे. उद्या दाखवणार होतो.

दुपारी बाबा रिपोर्ट घ्यायला आले. मी इथे आहे हे घरी सांगितलं नव्हतं, पण त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, बाबा, आत या, तुमचा आधी काढतो. ते म्हणाले, नको. रांगेत उभे राहिले, पाठीवर हात ठेवून. त्यांच्या पुढच्या माणसाचा कागद अडकला, त्यात वेळ गेला.

त्यांचा नंबर आला. रिपोर्ट दिला. त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "त्या पिनवाल्या बाई कुठे बसतात? आभार मानायचे राहिलेत."

मी म्हटलं, तिसरा मजला, लिफ्टमधून बाहेर पडलात की डावीकडे. आणि सोडायला म्हणून उठलो.

बाबा म्हणाले, "बस तू. लोक थांबलेत."

थांबले होते.