मादाम झुंबरवर गोळी कोण झाडणार?

३ नोव्हेंबर, सोमवार

मनू आज स्वयंपाकघरात इतकी खदाखदा हसली, की शेजारीण धावत आली! तालीम म्हणे. सातारच्या बायकांनी जुन्या काळची हेरकथा बसवलीय, त्यात आमची मनू खलनायिका — मादाम झुंबर! हिरवा चमचमता झगा, मोरपिसांचा पंखा, आणि देशाचा गुप्त नकाशा कंदी पेढ्यांच्या खोक्यातून पळवायचा बेत. सव्वीस वर्षं फौजेत काढली, असला शत्रू बघितला नाही.

रिटायर होऊन सात महिने झाले. मनू माझी बायको, पण अजून नवखीच वाटते. तिलाही मी तसाच वाटत असणार.

५ नोव्हेंबर

खंडाळ्याच्या कारखान्यातून फोन. सिक्युरिटी सुपरवायझर, राहायला खोली. तीस तारखेपर्यंत कळवायचं. मनूला सांगितलं. भाकरी थापत म्हणाली, "तुमची मर्जी."

एवढंच! म्हणजे जा, असंच ना?

९ नोव्हेंबर

नाटकातला गुप्तहेर साईराज. त्याची नाशिकला बदली! प्रयोग सांगलीत, २३ला. नाटक बसवणाऱ्या प्रीतीमॅडम डोकं धरून बसल्या. मी मनूला आणायला स्कूटर घेऊन गेलेलो. "आवं हवालदारसाहेब, जरा उभं ऱ्हावा बघू," म्हणाल्या. राहिलो. सावधानमध्ये. झालं — मी गुप्तहेर!

१२ नोव्हेंबर

तालीम तीनला सुरू, पाचच्या ठोक्याला बंद. मॅडम जैन, दिवस मावळायच्या आत जेवतात. शिस्तीची बाई, आवडली.

पण शेवटचा प्रवेश! मादाम झुंबरवर पिस्तूल रोखायचं, "खेळ संपला" म्हणायचं, गोळी झाडायची. हात उचलला की नळी आपोआप जमिनीकडं. फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात — रिकामं असलं तरी हत्यार आपल्या माणसावर रोखायचं नाही. मी एकदा चुकलो तर उस्तादानं मैदानाला वीस चकरा मारायला लावल्या होत्या. मॅडम ओरडल्या, "आवं, लाकूड हाय ते!" असेना लाकूड! मनू पदर तोंडाला लावून हसत होती. लय राग आला.

१३ नोव्हेंबर

आजही नळी खालीच.

१६ नोव्हेंबर

चहा पिता पिता दोघं तासभर संवाद पाठ करत बसलो. मी चुकलो की ती पंख्यानं टपली मारते. "गुप्तहेर हाय का पोस्टमन!" म्हणे. मीही हसलो. ह्या घरात इतकं कधी हसलो होतो, आठवत नाही.

लिहायला लाज वाटते, पण खरं आहे — मला खंडाळ्याला जायचं नाही. तिनं एकदा तोंडानं "राहा" म्हणावं. मीच कसं विचारू? घरातल्या माणसानं राहायची परवानगी मागायची का?

२४ नोव्हेंबर

काल प्रयोग झाला. मनू रंगमंचावर आली आणि शिट्ट्या! पंखा काय फिरवते, मान काय वेळावते! माझी छाती फुगली.

शेवटी मी गरजलो, "खेळ संपला, मादाम!" पिस्तूल उचललं — नळी खाली. घाबरून सवयीनं पिस्तूल उघडून तपासल्यासारखं केलं आणि ओरडलो, "हथियार खाली है, साहब!" म्हणजे रिकामं आहे! प्रेक्षक हसून लोळायचे बाकी. मेलो म्हटलं.

मनू शांतपणे पुढं आली. पिस्तूल काढून घेतलं. पंख्यानं माझी हनुवटी वर केली. "लय पळालास, गुप्तहेरा! आता तुला अटक. सुटका न्हाई!" टाळ्यांवर टाळ्या! पडदा पडला. हे लिहिलेल्या नाटकात नव्हतंच.

बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. विचारावंसं वाटलं. पण लोकांना हसवायला बोललेलं खरं धरायचं का? हवालदार, येडा होऊ नकोस.

२९ नोव्हेंबर

उद्या हो म्हणून कळवतो. बॅग भरली. तिनं भरताना बघितलं आणि भाकरी थापायला वळली.

३० नोव्हेंबर

अक्षर माझं हाय. मनूचं. तुमी फिरायला गेलाय. ही वही मी सात म्हैनं रोज वाचतीया — रागावू नगा. सव्वीस वर्सं तुमास्नी "ऱ्हावा" म्हणून उपेग नव्हता, सुट्टी संपायचीच. म्हणून ते म्हणायची जिभंला सवयच ऱ्हायली न्हाई. म्हणून लिवते.

जाऊ नगा.