लाल गाडी मीच नेली आहे

अगं,

उठल्यावर खाली लाल गाडी दिसली नाही तर घाबरू नकोस. चोरीला गेलेली नाही, मीच घेऊन गेलोय. चहा थर्मासमध्ये आहे, आईंना गोळी दिली आहे. दुकानात कुणी चष्मा न्यायला आलं तर डबीवर नाव बघून देऊन टाक.

काल आल्या आल्या 'डोकं दुखतंय' म्हणून पडलो, ते खोटं होतं. शाळेच्या वळणावर मी बाइकची मूठ जराशी पिळली आणि गाडी दावं तुटल्यासारखी उधळली. रस्ता ओलांडणारी एक बाई लेकराला कवटाळून मागे सरली. लागलं कुणाला नाही, पण ती एवढंच म्हणाली, "अहो, तुमच्या घरी कुणी आहे की नाही?" मला तोंड वर करवेना.

जुन्या गाडीवर आपण सिलिंडर आणला, आईंना दवाखान्यात नेलं, तिनं कधी हूं की चूं केलं नाही. ही इटालियन बया तुम्हाला झेपायची नाही, असं तू पहिल्याच दिवशी म्हणालीस. मी चिडलो, कारण मलाही तेच वाटत होतं.

तरी विकवत नाही गं. गावाबाहेरच्या मैदानावर पूर्वी शर्यतीत उतरणाऱ्या एक बाई बाइक चालवायला शिकवतात. आजपासून त्यांच्याकडे अगदी पहिलीपासून शिकणार आहे. तुझ्या भावाला यातलं काही सांगू नकोस, जन्मभर चिडवेल.

पोचलो की फोन करतो. गर्दी लागली तर खाली उतरून गाडी ढकलत नेईन. लोक हसले तर हसू देत.