सत्तीची जोडी

तिसगाव, सोमवार

प्रिय पप्पा, सलाम.

पत्त्यांनी बेरीज शिकवली तर ते पाप होतं का?

वर्गात दोन पानांची बेरीज दहा झाली की जोडी लागते. फळ्यापुढे गप्प राहणारी ज्ञानेश्वरी गुरुवारी ओरडली, "बाई, सत्तीला तिर्री लागती!" दुसऱ्या दिवशी तिची आजी दारात उभी. "पत्त्यापायी लेक गेला माझा. आता नातीलाबी बसवता व्हय?"

मी वेळेवर जेवते, फक्त लवकर दमते. मम्मीचे गुडघे कसे आहेत?

तुम्ही काकांचे पत्ते जाळले होते ना? मीही आजींसमोर पत्त्यांचा सगळा कॅट शाळेतल्या खिचडीच्या चुलीत टाकला. मग जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांवर आकडे लिहिले, आणि आज खेळ पुन्हा मांडला.

तुमची,
जास्मिन