शेवटच्या गाण्याआधीची बस

सोमवार, ४ मे

आज आलेलं सामान: साबण सहा वड्या, ठरलेल्या भावात. तेलाचा डबा एक, मागच्या महिन्यापेक्षा महाग. दुकानदाराला तसं म्हटलं, तर म्हणाला, तुम्ही दर महिन्याला म्हणता. वातींचा पुडा एक. शिवाय कुरिअरने लेकीकडून एक पाकीट, आपल्याला फुकट. आत दोन तिकिटं. त्यावर छापलेली किंमत लेकीने काळ्या शाईने खोडली होती, पण खिडकीशी उजेडात धरल्यावर दिसली. आकडा लिहीत नाही. वहीलाही धक्का बसेल.

तिकिटं स्टेडियमवरच्या गाण्याच्या प्रोग्रॅमची. यांचा तो जुना रॉक बँड. तरुणपणी यांना त्याचा फार नाद होता. लग्नानंतर आपोआप सुटला. मी कधी नको म्हणाले नाही. फक्त माझं डोकं दुखायचं.

लेकीने चिठ्ठीत लिहिलंय, ही त्यांची शेवटची टूर आहे, बाबांनी त्यांना एकदाही समोर बसून ऐकलेलं नाही, तू बरोबर जा, पण बाबांना सुखाने ऐकू दे. हा ‘पण’ कशाला घातला कळलं नाही.

हे दुकानातून आले. (चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. नखांत कायम पांढरी भुकटी.) तिकिटं घेतली, चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचली. मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. मी एक अक्षर बोलले नाही. नळ बंद करा, एवढंच म्हणाले.

बुधवार, ६ मे

देवासमोर बसून निश्चय केला. त्या दिवशी पैशाचं नाव काढायचं नाही. आवाजाबद्दल कुरकुर नाही. यांच्या आनंदात आनंद मानायचा. देवासमोर केलेला निश्चय मी मोडत नाही.

फक्त व्यवस्था मी बघणार. व्यवस्था म्हणजे कुरकुर नव्हे.

जेवताना हे आपणहून बोलायला लागले. एरवी मीठ लागलं तरी बोट दाखवतात. म्हणाले, त्यांचं एक खिडकीचं गाणं आहे. कोणीतरी खिडकीखाली उभा आहे आणि वर दिवा लागत नाही, एवढंच. मी एकवीस वर्षांचा होतो, भिंगांच्या कारखान्यात उमेदवारी करत होतो. रेडिओवर ते लागलं आणि मी चाक थांबवलं. मला वाटलं, कोणीतरी मला नावाने हाक मारली. ते गाणं ते लोक नेहमी अगदी शेवटी म्हणतात, म्हणाले.

मी लक्ष देऊन ऐकत होते. मधे दूध उतू गेलं, त्याला माझा इलाज नाही.

शनिवार, ९ मे

प्रार्थनेच्या बायका गुरुवारी येणार का विचारत होत्या. या वयात नवऱ्याबरोबर धांगडधिंगा बघायला चालले हे कोणत्या तोंडाने सांगू? यांचे कान दाखवायला न्यायचे आहेत, असं सांगितलं. अगदीच खोटं नाही. तिथून आल्यावर दाखवायला लागतीलच.

ओळखीचं कोणी भेटलं तर लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होईल. एवढ्या गर्दीत कोण भेटणार म्हणा. पण एवढ्या गर्दीतच भेटतात.

यांनी माळ्यावरून जुनं जीनचं जाकीट काढलं. बटणं लागत नाहीत. पोट आत घेऊन आरशासमोर उभे होते, मी आल्यावर सोडून दिलं. मी हसले नाही. वरून स्वेटर घाला म्हणजे दिसणार नाही, असा तोडगा सुचवला. हो म्हणाले. हे नेहमी हो म्हणतात. संसार म्हणजे हेच.

गुरुवार, १४ मे. सकाळ

सगळी तयारी झाली. ब्रेडला लोणी लावून डबा भरला, कारण आत चहासुद्धा सोन्याच्या भावाने विकतात. पाण्याची बाटली, छत्री, खुर्च्या पुसायला फडकं, यांच्या आणि माझ्या कानांसाठी कापूस, माझी जपमाळ. स्टेडियमसमोरून शेवटची बस किती वाजता सुटते ते थांब्यावर जाऊन पाहून आले. टॅक्सीचा प्रश्नच येत नाही.

हे सकाळपासून शीळ घालताहेत. शीळ घातल्याने काय होतं ते मी सांगणार होते, निश्चय आठवला. उद्या सांगेन.

शुक्रवार, १५ मे. सकाळ

कार्यक्रम उत्तम पार पडला. सविस्तर लिहिते.

गेटवरच्या रखवालदाराने बॅग उघडायला लावली आणि डबा, बाटली, छत्री, काही आत न्यायचं नाही म्हणाला. मी म्हटलं, घरचं अन्न आहे, बाँब नाही. तर म्हणाला, मावशी, तो शब्द इथे काढू नका. मागे रांग खोळंबली. अन्न टाकणं माझ्याने होणार नाही, म्हणून बाजूला उभं राहून संपवलं. मला दोन तुकड्यांवर जाईना, बाकीचं यांना दिलं. आत ढोल सुरू झाला तेव्हा यांच्या तोंडात घास होता. हे भराभर चावत होते. सावकाश खा, म्हटलं. पहिलं गाणं हुकलं, पण अन्न वाया गेलं नाही.

आत माणसंच माणसं, सगळी उभी. एवढ्या महागाच्या खुर्च्या घेऊन कोणी बसत नाही. (किमतीचं नाव यांच्याजवळ एकदाच काढलं.) आमच्या पुढे एक दाढीवाला, दोन्ही हातांवर गोंदलेलं, पाठ कपाटाएवढी. त्याला बोटाने टोचून म्हटलं, बाळा, खाली बस, मागे माणसं आहेत. तो म्हणाला, मावशी, इथे बसायला कोण येतं? पण बिचारा गुडघे वाकवून उभा राहिला. एक पूर्ण गाणं तसाच होता.

गाणारा शहात्तर वर्षांचा. अंगाला चिकटलेली विजार. घरच्यांनी काही सांगायला नको का? पण आवाज होता, ते कबूल करते. यांच्या कानात मी कापूस घातला होता. त्यांनी तो केव्हा काढला कळलं नाही. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात, ओठ हलताहेत, आवाज नाही. स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला होता. गुडघे दुखतील, बसा, म्हटलं. बसले. थोड्या वेळाने बघते तर पुन्हा उभे.

मग गाणाऱ्याने शुभरात्री म्हटलं. सगळ्यांनी हातात हात घालून वाकून नमस्कार केला आणि आत गेले. दिवे गेले. लोक मात्र पाय आपटत ओरडत राहिले. शहात्तर वर्षांच्या माणसाला थोडं टेकू द्यायचं सोडून. मी बॅग उचलली. हे म्हणाले, थांबूया, अजून आहे. मी म्हटलं, त्यांनी स्वतः निरोप घेतला, आता अजून काय? दाढीवाला वळून म्हणाला, मावशी, ही यांची रीत असते, आत जातात आणि परत येतात. मी त्याला सांगितलं, मोठ्या माणसाने निरोप घेतल्यावर त्याच्या दारात ठाण मांडायचं नाही, असं आम्हाला शिकवलंय. शिवाय बस होती.

हे स्टेजकडे बघत होते. मी बाही धरली. आले. यांनी माझा शब्द कधी मोडलेला नाही.

गेटवर रखवालदार म्हणाला, बाहेर गेलात तर परत आत घेणार नाही. मी म्हटलं, यायचंय कोणाला?

थांब्यावर पोचलो आणि आत गाणं सुरू झालं. हे वळले. कुंपणाच्या गजाला धरून उभे राहिले. मी म्हटलं, बघा, इथूनही छान ऐकू येतंय, आणि बसायला बाक आहे. फुकट. गाणं अर्ध्यावर असताना बस आली. अर्धी रिकामी होती, खिडकीची जागा मिळाली. यांनी काच सरकवली, वारा लागत होता म्हणून मी लावून घेतली.

एकूण सगळं वेळेत झालं.

शनिवार, १६ मे

हे गप्प आहेत. समाधानी माणूस गप्पच असतो.

लेकीचा फोन. यांनीच घेतला. ती काय विचारत होती ते ऐकू आलं नाही. हे म्हणाले, काय सांगू पोरी, शेवटी अख्खं स्टेडियम एका सुरात गात होतं. मग म्हणाले, हो, खिडकीचंच. मग म्हणाले, तुझे फार उपकार झाले.

मला जरा धाकधूक होती, तक्रार करतील म्हणून. केली नाही. तक्रारीसारखं काही नव्हतंच म्हणा. जाकीट परत माळ्यावर ठेवलेलं दिसलं. मी सांगितलं नव्हतं.

सोमवार, १८ मे

हे डबा विसरले. पन्नाशी उलटल्यावर विसरायला होतं. मी द्यायला दुकानात गेले.

मागच्या खोलीत चाकं फिरत होती, पाणी ठिबकत होतं. मी पडद्याशी थांबले, कारण माझं नाव निघालं. म्हणजे नाव नाही, ‘वहिनी’. दुकानाचे मालक विचारत होते, आणि वहिनींना झेपलं का ते सगळं? हे म्हणाले, अहो, काय सांगता, शेवटच्या गाण्याला सगळे उभे राहिले, मोबाइलचे दिवे लावले, माझ्या पुढचा एक दाढीवाला तर लहान पोरासारखा रडला. आणि ही? हिनेही सूर धरला. मालक म्हणाले, काय सांगता, वहिनींनी? मग दोघं हसले. भिंग चाकावर होतं, ते यांनी एकदाही उचललं नाही. भिंगाची कड जराही हलली नसेल.

दिवे यांनी पाहिले नाहीत. दाढीवाला रडला का हसला, आम्हाला काय ठाऊक? आणि मी. माझ्या तोंडी यांनी गाणं घातलं, माझी अब्रू राहावी म्हणून.

डबा गल्ल्यावरच्या मुलीकडे देऊन परत आले. संध्याकाळी हे म्हणाले, डबा मिळाला. मी म्हटलं, बरं.

गुरुवार, २१ मे

प्रार्थनेला गेले. बायकांनी विचारलं, यांचे कान कसे आहेत? चांगले आहेत, म्हणाले. सगळं ऐकू येतं.

पोथीचा शेवटचा अध्याय सुरू होताना एक बाई पिशवी सावरत उठली. तिची बस होती. अशा बायकांकडे मी डोळे वटारून बघते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. शेवट ऐकल्याशिवाय उठलात तर आधीचं ऐकलेलं कशाला धरायचं, हे वाक्य माझंच. गेल्या वर्षी फळ्यावरही लिहिलं होतं.

शेवटचा अध्याय कानात शिरला नाही.

शुक्रवार, २२ मे

आज चूक दुरुस्त करायची असं ठरवून स्टेडियमच्या तिकीट खिडकीवर गेले. आतल्या मुलीला विचारलं, त्यांचं फक्त शेवटचं एक गाणं ऐकायचं असेल तर किती पडेल? ती म्हणाली, कोणाचं? मी बँडचं नाव चुकीचं सांगितलं. तिने बरोबर केलं. मग म्हणाली, मावशी, टूर संपली. आपल्याकडचा शोच शेवटचा होता. आता ते गाणार नाहीत. मी विचारलं, अगदी कुठेच नाही? लांब असलं तरी चालेल, टॅक्सीने जाऊ. तिने नाही अशी मान हलवली आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघितलं.

घरी येऊन दुसरा उपाय केला. चाल थोडी लक्षात होती, थांब्यावरची. भांडी घासताना मोठ्याने गुणगुणले, म्हणजे यांना कळेल. हे उठून आत आले, दारात उभे राहिले. म्हणाले, दाढ दुखतेय का? लवंग देऊ?

हो म्हणाले. मी लवंग दाढेखाली धरून बसले.

शनिवार, २३ मे

फोनवर जमत नाही. फोन बैठकीत आणि हेही बैठकीत. म्हणून लेकीला पत्र. आधी इथे कच्चं लिहून बघते.

चि. लेकीस अनेक आशीर्वाद. वीज बिल भरलं, तब्येती बऱ्या.

तू पाठवलेल्या तिकिटांचा कार्यक्रम उत्तम झाला. (खोडलं.)

बाबांनी तुला फोनवर सांगितलं ते सगळं खरं नाही. खिडकीच्या गाण्याला आम्ही आत नव्हतो. रस्त्यावर होतो. शेवटची बस होती आणि गाणाऱ्याने स्वतः शुभरात्री म्हटलं होतं. (हेही खोडलं. बस होती, पण बसने बाही धरली नव्हती.) त्यांना मी बाहेर काढलं. ते थांबूया म्हणाले होते. अर्धं गाणं गजाला धरून ऐकलं, उरलेलं माझ्यामुळे बसच्या काचेबाहेर राहिलं. आता ते गाणं कुठेही, कितीही पैसे दिले तरी मिळत नाही, मी विचारून आले.

ते मला एक शब्द बोललेले नाहीत. उलट मी गायले असं लोकांना सांगतात. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

मला त्यांची माफी मागायची आहे. इतक्या वर्षांत कधी मागितली नाही, कारण वेळ आली नव्हती. (खोडलं.) कारण मागता येत नाही. रोज संध्याकाळी ते येतात, दारात चपला काढतात, मी वाक्य जुळवून उभी असते आणि तोंडातून निघतं, हात धुऊन घ्या. ते धुतात. नळ लगेच बंद करतात.

तुझं आणि त्यांचं जमतं. पहिला शब्द कोणता काढायचा ते तुला ठाऊक असेल. पुढचं माझं मी बघेन. तेवढा एक शब्द उलट टपाली कळव.